चार सिलिंडर बाबालालचे

बाबालाल मिस्त्री आमच्या गाडीचं अर्धंच इंजिन दुरुस्त करतो. उजवीकडचं. डावीकडच्या अर्ध्यातून उद्या धूर निघाला, ठिणग्या निघाल्या, फणा काढून नाग निघाला, तरी तो तिकडं हात लावणार नाही. पान्याचं टोक चुकून पलीकडं गेलं तर तो पाना पुसून घेतो. मी स्वतः पाहिलंय. आणि मी जे पाहिलंय ते जरा वाढवून सांगतो हे सगळ्या राजारामपुरीला ठाऊक आहे, पण एवढी एक गोष्ट जशीच्या तशी घ्या.

आधी गाडीचं सांगायला हवं. माझे वडील, आबा, गुळाचे व्यापारी. त्यांच्या तरुणपणी कोल्हापुरात एका निर्मात्यानं हीरोसाठी म्हणून एक अमेरिकन गाडी आणली. तांबडीभडक, दोनच दरवाजे, स्टिअरिंग डावीकडं आणि पुढं आठ सिलिंडरचं इंजिन. पिक्चर पहिल्या आठवड्यात झोपला. हीरो एस.टी.नं परत गेला, गाडी मागं राहिली आणि आबांनी ती घेतली. तिचं बॉनेट एवढं लांब की तोंड सांगलीत पोचलं तरी बूड अजून कोल्हापूरच्या हद्दीत असायचं. आवाज तर असा की तालमीतले पैलवान जोर मारता मारता थांबून नमस्कार करायचे.

असल्या गाडीला मिस्त्री मिळेना. दोघं मिळाले. उचगावचा बाबालाल आणि त्याचा भागीदार दत्तू. दोघं एकाच वर्गात नापास झालेले, एकाच गॅरेजात हात काळे केलेले, पुढं स्वतःचं गॅरेज टाकलं तेही एकाच शटरमागं. पहिल्याच दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि मोजायला लागले. आठ सिलिंडर, चार डावीकडं, चार उजवीकडं. डावीकडं एक, तीन, पाच, सात. उजवीकडं दोन, चार, सहा, आठ.

"दत्त्या, तू तिकडनं, मी हिकडनं," बाबालाल म्हणाला.

त्या दिवसापासून ती वाटणी झाली. विषम दत्तूचे, सम बाबालालचे. मधला कार्बोरेटर आणि करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर दोघांच्या सामाईक मालकीचा. इंजिनावर दोन्ही बाजूंनी दोन डोकी वाकलेली असायची आणि मधून पाने, शिव्या आणि चहाचा एकच कप इकडून तिकडं फिरायचा.

बाबालालनं आपल्या चौघांना नावं ठेवलीत. दोन नंबर 'पैलवान', कारण खातो जास्त. चार नंबर 'मास्तर', वेळेवर पेटतो. सहा नंबर 'जावई'. "ह्येला जरा काय कमी पडलं की रुसतंय बघा." आठ नंबर 'आत्याबाई', सारखी कटकट. विषमांची नावं मी एकदा विचारली तर म्हणाला, "ती दुसऱ्याची प्वारं हाईत, बापू. त्येंची नावं मी कशाला ठिवू?"

त्याच्या पद्धतीही त्याच्याच. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांची फट मोजायला लोक पट्टी वापरतात, बाबालाल लग्नपत्रिका वापरतो. पत्रिका आली की आधी दोन बोटांत चोळून बघतो. हवी तेवढी जाड असली तर आहेर घेऊन सगळ्यात आधी हजर. पातळ असली तर जात नाही. "ह्या जाडीवर गाडी सुरू हुईत न्हाय, संसार काय सुरू हुणार?" धुराचा वास घेऊन तो पेट्रोल कुठल्या पंपावरचं ते सांगतो. एकदा तर पंपावरच्या माणसानं सकाळी काय खाल्लं तेही सांगितलं होतं. हे मात्र मी वाढवून सांगतोय.

तर अकरा वर्षांपूर्वी हे दोघं फुटले. कारण एक नट.

आबा तेव्हा होते. गाडी तयार झाली होती, दत्तूनं आपल्या बाजूच्या सायलेन्सरच्या नळीचे नट आवळून पाना खाली ठेवला होता. बाबालालच्या काय मनात आलं कोण जाणे, तो पलीकडून चालत आला, आबांच्या देखत दत्तूच्या नटाला पाना लावला आणि पाव फेरा आवळला.

दत्तू हात पुसत होता. तो थांबला.

"माझ्या बाजूच्या नटाला पाना लावलास?"

"ढिला हुता."

"ढिला हुता तर मला सांगायचं. मी मेलोय का?"

"गिऱ्हाईक हुबं हाय दत्त्या, उगंच..."

"म्हंजे गिऱ्हाइकाला दावलंस. दत्तूचा नट ढिला असतोय म्हणून."

एवढंच. दत्तूनं आपले पाने एका पोत्यात भरले आणि गेला. उद्यमनगराच्या मागं, आपल्या घरातच त्यानं विहिरीवरच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरायचं काम सुरू केलं. आबांनी दोघांना समोरासमोर बसवलं, मटण घातलं, तांबडा-पांढरा रस्सा पाजला. दोघं व्यवस्थित जेवले, आबांच्या पाया पडले आणि दोन दिशांना गेले. बाबालालनं त्या दिवशी जाहीर केलं, "इथनं म्होरं त्या बाजूला माझा हात लागला तर हात कलम करा."

मग आमची वरात सुरू झाली. आधी गाडी उचगावात न्यायची. बाबालाल दोन, चार, सहा, आठ करणार. मग तीच गाडी दत्तूच्या दारात. तिथं एक, तीन, पाच, सात. सामाईक कार्बोरेटरचं काय? तर सम सालात बाबालाल, विषम सालात दत्तू. हा तह आबांनी घडवला. आबा गेल्यावर गाडी माझ्याकडं आली आणि गाडीबरोबर हा तहही. जगात गाडीवाले पुष्कळ आहेत, पण एका इंजिनाला दोन गावांत फिरवणारा मी एकटाच.

गेल्या दिवाळीत मात्र चाक अडलं. बाबालालनं त्याची बाजू केली. मी गाडी दत्तूकडं नेली तर तो दारातूनच म्हणाला, "लई काम हाय बापू. म्होरल्या म्हयन्यात बघू." हात शालीत घेऊन उभा होता. थंडी होती, मला काही वाटलं नाही. पुढच्या महिन्यातही काम होतं. त्याच्या पुढच्याही.

आणि गाडी फुटायला लागली.

उभ्या जागी बरी चालायची, घड्याळासारखी. चढाला लागली की अडखळायची, उचक्या द्यायची. आणि पाय काढला की मागं सायलेन्सरमधून फाट! फाट! पहिल्यांदा पन्हाळ्याच्या घाटात फुटली तर वर तटावर एक गाईड पर्यटकांना म्हणाला, "ऐका, वेढ्यातल्या तोफा अजून वाजतात." राजारामपुरीत फुटली तर एका क्लासची पोरं परीक्षा संपली समजून उठून गेली. शेजारच्या दवाखान्यात एकाचं बी.पी. मोजत होते, ते यंत्राबाहेर गेलं. इचलकरंजीच्या वाटेवर अशी फुटली की कबनुरातल्या यंत्रमागवाल्यांनी ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून आपणहून बटणं बंद केली. सगळं कबनूर दोन मिनिटं शांत. तिथल्या म्हाताऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा एकमेकांचा आवाज ऐकला.

मी गाडी बाबालालकडं नेली. त्यानं वर्षभर त्या फाटफाटीचा तपास केला. हो, वर्षभर. चमच्यानं पाण्याचा एकेक थेंब सिलिंडरांच्या धुराच्या नळ्यांवर सोडला, जी नळी गार तिचं सिलिंडर मेलेलं. त्याच्या चारही नळ्या चुरचुरल्या. "माझी चौघं जित्ती हाईत." पलीकडच्या चार नळ्यांवर थेंब मी सोडले, तो पाठ करून उभा. त्याही चुरचुरल्या. मग प्लग काढले. चारही कसे भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचे, म्हणजे तब्येत उत्तम. मग कार्बोरेटर धुतला, साल सम होतं. मग एक जाड लग्नपत्रिका खर्ची घातली. मग सायलेन्सरच्या जोडांना उदबत्ती लावून हवा कुठं आत ओढली जाते का ते पाहिलं. सगळं गॅरेज देवघरासारखं दरवळलं आणि गाडी बाहेर पडताच फाट!

"चाचा, दोष डावीकडंच आहे," मी म्हणालो.

"असंल."

"मग बघा ना जरा."

"दत्त्याला सांगा की. त्येची बाजू हाय."

"तो येत नाही."

"यील." एवढं म्हणून तो जावयाचा प्लग पुसायला लागायचा. दर वेळी विचारायचा मात्र. मी गेलो की आधी गाडीकडं बघायचा नाही, रस्त्याकडं बघायचा. "काय म्हणाला दत्त्या? येतो म्हणाला का?"

याच काळात त्याला एक नवी सवय लागली. शर्टाच्या खिशाला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा. गॅरेजात, मशिदीत, लग्नात, सगळीकडं चिमटा. मी विचारलं तर म्हणाला, "पेन पडतंय म्हणून लावलाय." आयुष्यात त्याच्या खिशाला पेन मी पाहिलेलं नाही.

शेवटी माझाच धीर सुटला. आमच्या सौ. म्हणाल्या, गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. बेंगळुरूचे एक पाहुणे अशा जुन्या गाड्या घेतात असं कळलं. त्यांच्याशी बोललो. ते रविवारी यायचे ठरले. मी बाबालालला सांगायला गेलो.

"गाडी विकतोय, चाचा."

तो पाना पुसत होता. "कुणाला?"

"बेंगळुरूला. ते लोक इंजिन काढून टाकणार. बॅटरीवरची मोटर बसवणार."

"बॅटरीवरची? मग आवाज?"

"आवाज नसतो तिला."

तो बराच वेळ पाना पुसत राहिला. मग त्यानं विचारलं, "आन बाजू किती असत्यात तिला?"

"बाजू कसल्या चाचा. एकच मोटर. तिला डावं-उजवं काही नसतं."

"एकच," तो म्हणाला. पाना जाग्यावर ठेवला आणि शटर खाली ओढलं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. बाबालाल. पांढरी स्वच्छ विजार, इस्त्रीचा शर्ट, खिशाला चिमटा. तोवर मी त्याला इस्त्रीत एकदाच पाहिलं होतं, हजला निघताना. "गाडी काढा," म्हणाला आणि जाऊन माझ्या शेजारी बसला. चाळीस वर्षांत तो या गाडीत कधी बसला नव्हता. मिस्त्रीनं गाडीखाली असावं, गाडीत बसू नये, असं त्याचं म्हणणं.

"कुठं जायचं?"

"दत्त्याकडं."

वाटभर तो भाषण तयार करत होता. ओठ हलत होते, मधूनच मोठ्यानं एखादा तुकडा बाहेर यायचा. "...एका नटापायी माणूस अकरा वर्सं रुसतंय व्हय?... तुझ्या बाजूपायी गाडी निगाली बेंगलोरला, हाय का काय लाज?... आबांच्या मिठाला तरी जाग..." पुलाचा चढ आला, गाडीनं उचकी दिली, फाट! बाबालाल त्या आवाजावर ओरडून म्हणाला, "बघ! बघ, ऐक तुझी कर्तबगारी!" कोपऱ्यावरचा एक रिक्षावाला उगाचच सॉरी म्हणाला.

दत्तूच्या दारात मी इंजिन बंद केलं. दत्तू ओसरीवर खुर्चीत बसला होता, अंगावर शाल. गाडीतून उतरणारा माणूस बघून त्याचं तोंड उघडं राहिलं. आतून वैनी, दत्तूच्या मंडळी, आल्या, त्याही थबकल्या, मग नेहमीसारखं म्हणाल्या, "या की भावजी. लई दिसानं वाट चुकला."

"चुकली न्हाय. मुद्दाम आलोय," बाबालालनं आवाज चढवला. "बोलायचं हाय."

"बोल की. आधी च्या घे," दत्तू म्हणाला.

वैनींनी चहा आणला. एक कप बाबालालला, एक मला, एक दत्तूसमोरच्या स्टुलावर. दत्तू शालीतून हात काढीना. वैनी म्हणाल्या, "घ्या की, गार हुतोय." तेव्हा त्यानं हात बाहेर काढला. बशी धरली. आणि कपबशी वाजायला लागली. बारीक, सलग, थांबेचना. चहा बशीत, बशीतून शालीवर.

"दोन वर्सं झाली," वैनी सांगायला लागल्या. "मोटारी भरायचं बी बंद झालं. डाक्टर म्हणत्यात..."

"तू गप," दत्तू म्हणाला. "हात जरा हालतोय, एवढंच."

मी बाबालालकडं पाहिलं. वाटभर पाठ केलेलं भाषण त्याच्या ओठांवर होतं. त्यानं ते गिळलं. चहा एका घोटात संपवला, मिशी पुसली, आणि भलतंच बोलला.

"दत्त्या, त्यो नट घट्टच हुता."

बशी वाजत राहिली.

"मला म्हाईत हाय," दत्तू म्हणाला. "मीच आवळलेला."

वैनींनी शालीवरचा चहा पदरानं टिपला.

"काय झालंय तिला?" दत्तूनं गाडीकडं हनुवटी केली. "गल्लीच्या तोंडाला ऐकली मी. चढाला फुटती का?"

"चढालाच."

"हुभी बरी चालती?"

"झ्याक."

"मग पाच-साताच्या वायरी बघ. एकमेकीला चिकटल्या असतील." दत्तू माझ्याकडं वळला. "पाच पेटला की लगेच सात पेटतोय, बापू. आन दोघं बसल्यात बी शेजारी. वायरी एकमेकीला लागून धावल्या की पाचाची ठिणगी सातात उडी मारती. सात अवेळी पेटतोय, घोटाळा हुतोय, अर्धं पेट्रोल तसंच म्हागं जातंय आन सायलेन्सरात फुटतंय. म्हणून तर मी मधी आमच्या हिच्या दोरीवरचा चिमटा लावलेला. लाकडी. दोघींत अंतर ऱ्हावं म्हणून."

मी सावकाश बाबालालच्या खिशाकडं पाहिलं.

त्यानं चिमटा काढला आणि तळहातावर ठेवून दत्तूसमोर धरला. "गेल्या दिवाळीत माझ्या गॅरेजात पडला. मी उचलला."

"म्हणजे चाचा, तुम्हाला वर्षभर..." मी उठलोच. ते थेंब, त्या उदबत्त्या, ती लग्नपत्रिका, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. "वर्षभर तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग लावला का नाही?"

"ती बाजू माझी न्हवं," बाबालाल म्हणाला. मग दत्तूकडं न बघता, जरा हळू, "मला वाटलं, आज यील, उद्या यील."

दत्तू उठला. वैनींनी त्याला धरलं, तर बाबालाल म्हणाला, "सोडा वैनी, चालतोय त्यो." मी बॉनेट उघडलं. दोघं आपापल्या बाजूला गेले. अकरा वर्षांनी त्या इंजिनावर दोन डोकी वाकली.

दत्तूनं चिमटा घेतला. हात वायरीजवळ जायचा आणि भरकटायचा. चिमटा उघडायचा, हवेत मिटायचा. एकदा खाली पडला. मी उचलायला वाकलो तर बाबालालनं माझ्याकडं असं पाहिलं की मी तसाच सरळ झालो. दत्तूनं तो स्वतः उचलला. पाच वेळा, सहा वेळा. बाबालालचा हात तिथून वीतभर अंतरावर होता, एका क्षणाचं काम होतं. तो हात त्यानं आत्याबाईच्या वायरीवर घट्ट धरून ठेवला होता.

खट्. चिमटा बसला.

मी गाडी सुरू केली आणि पुलावर नेऊन आणली. चढ अशी चढली जशी लोण्यात सुरी. पाय काढला, मागं शांत. नुसती जुनी, खोल, पैलवानांना थांबवणारी घुमघुम.

संध्याकाळी मी बेंगळुरूला फोन केला. "पाहुणे, येऊ नका. गाडी गेली."

"कोणी घेतली?"

"दोघांनी. अर्धी-अर्धी."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आता दर महिन्याच्या एका शनिवारी बाबालाल इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसतो. पुलाच्या अलीकडं म्हणतो, "जरा थांबवा, तेल बघतो." उतरतो, बॉनेट वर करतो. बॉनेट केवढं आहे ते मी सांगितलंच आहे, त्याच्यामागं काय चाललंय ते मला दिसत नाही. पण खिडकीतून वाकलं की त्याचे पाय दिसतात. ते डावीकडं जातात. अकरा वर्षं ज्या बाजूला त्यानं पाना जाऊ दिला नाही, त्या बाजूला दोन क्षण थांबतात आणि परत येतात. तो शेजारी येऊन बसतो. त्याचा उजवा हात खिशावर असतो. पूल चढताना गाडी उचकी देते, फाट!

मी सरळ दत्तूच्या दारात गाडी लावतो.

"परत पडला?" ओसरीवरून दत्तू विचारतो. त्याला गल्लीच्या तोंडापासून ऐकू आलेलं असतं.

"पडला."

"पकड ढिली झालीया त्येची."

"व्हय. तूच बघ बाबा."

दत्तू वैनींच्या हाताला धरून उतरतो. दर महिन्याला जरा जास्त वेळ लागतो. गेल्या खेपेला तर मला दोन चहा झाले. तोवर बाबालाल पलीकडं उभा असतो. जावयाचा प्लग काढतो, तो स्वच्छच असतो, तरी फडक्यानं पुसत राहतो. डावीकडून खट् असा आवाज येईपर्यंत त्याचा प्लग काही पुसून होत नाही.